वूफरवरची कणीक

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने, राहुलने, गाडीच्या डिकीत भलामोठा सबवूफर बसवून घेतला आणि मला ऐकवायला थेट घाटकोपरला घेऊन आला. मी जन्मभर स्पीकरचा धंदा केलेला माणूस, त्यामुळे त्याला मामाची शाबासकी हवी होती. त्याने आवाज सोडला, डिकीचं झाकण थरथरलं, सोसायटीचा वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला... आणि मी डिकीवर हात ठेवून उभ्या उभ्या रडायला लागलो. पोरगं घाबरलं. "मामा, काय झालं? कमी करू का?" म्हणाला. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी माझ्याबद्दल. आमचं घर बौद्ध. देव, भूत, करणी, अंगात येणं हे सगळं माझ्या वडिलांनी गाव सोडताना वेशीबाहेरच टाकून दिलेलं. लहानपणी कोणी अमुक चिंचेखाली काहीतरी आहे म्हणालं, की वडील मुद्दाम आम्हाला त्याच चिंचेखाली डबा खायला बसवायचे. त्यात माझा धंदा असा, की आवाज आला म्हणजे त्याच्यामागे तार असणारच. तार तुटली की आवाज बंद, विषय संपला. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो, पण खरं सांगू? अर्ध्याहून जास्त वेळा मनात म्हणतो — अहो, आधी वायरिंग बघा. तर आता तुम्हीही माझ्याबद्दल तसं म्हणायला मोकळे आहात. मी रागावणार नाही.

साल शहाऐंशी. गोरेगाव पूर्वेला, फिल्म स्टुडिओकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गॅरेज होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची आठ बाय दहाची जागा, ते माझं दुकान. घाटकोपरहून रोज बसने यायचो. मंडपवाल्यांचे फाटलेले स्पीकर दुरुस्त करणं, त्यांचे कागदी कोन बदलणं, प्लायवूडचे बॉक्स बनवणं आणि गाड्यांत टेप बसवणं, हे माझं काम. सबवूफर हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता. मोठा स्पीकर म्हणजे वूफर. तो मंडपात असायचा, गाडीत नव्हे. गाडीत असायचे ते दरवाज्यातले दोन चिमुकले स्पीकर, ज्यातून सगळे गायक सर्दी झाल्यासारखे गायचे.

घाडीकाका माझे जुने गिऱ्हाईक. मालवणकडचे, आधी गिरणीत होते, मग त्या स्टुडिओत ड्रायव्हर झाले. स्टुडिओने काढून टाकलेली एक जुनी अँबॅसिडर त्यांनी घेतली होती आणि तिला पोटच्या पोरीसारखी जपायचे. टेप मीच बसवून दिलेला. मग वर्ष-दीड वर्ष ते फिरकलेच नाहीत. एका सोमवारी दुपारी आले ते निम्मे होऊन. कॉलर मानेपासून दोन बोटं लांब झालेली. मी आपला नेहमीसारखा, "काय काका, डाएट चालू केलंत की काय?" त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"संजू गेलो माझो," म्हणाले. "गेल्या वर्षी. काविळीन. आठ दिवसांत."

संजू त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्याला दोनदा पाहिलं होतं. बावीस वर्षांचा उंच पोरगा, बोटांनी सारखा कशावर तरी ठेका धरणारा, माझ्या टेबलावरसुद्धा. भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. डाएटची गंमत केल्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

कॅसेट होती त्यांच्या घरच्या गणपतीतल्या भजनाची, संजू जायच्या आधीच्या वर्षीची. कुणीतरी छोटा टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवून त्याच्या आतल्याच माईकने भरलेली. मी दुकानात लावली. टाळ, टाळ आणि टाळ. मधून बुवांचा आवाज. आणि पखवाजाच्या उजव्या बाजूची टकटक.

काका कान लावून ऐकत होते. "ह्यो उजवो हात. डावो खंय गेलो?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाची उजवी बाजू टणक बोलते आणि डावी घुमते. तो घुमारा छातीत बसतो, सगळं भजन त्याच्यावर उभं असतं. काकांना तो हवा होता. "संजूचो डावो हात असो होतो, काय सांगू तुका... भिंतीवरची भांडी हलायची. माका एकदा ऐकूचो आसा. तू मोठो स्पीकर बसय गाडयेत. कितीय मोठो असूं दे."

"गाडीत कशाला? घरीच लावू ना चांगला सेट."

"घरात तिका सहन होणा नाय." ती म्हणजे काकी. मुलगा गेल्यावर तिने पखवाज गावच्या देवळात पाठवून दिला होता. कॅसेट लावली तर उठून बाहेर जायची. म्हणून काका ती गाडीत, एकटेच, आरे कॉलनीच्या झाडांखाली जाऊन ऐकायचे.

आता मला जी गोष्ट तिथेच सांगायला हवी होती ती ही. तसल्या माईकला घुमारा पकडताच येत नाही. कॅसेटवर संजूचा डावा हात उतरलेलाच नव्हता. जे उतरलेलंच नाही ते पंधरा इंची वूफर लावा नाहीतर पन्नास इंची, कुठून येणार? हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण समोर ती सैल कॉलर... माझी जीभ उचलली नाही. आणि दुसरंही कबूल करतो, गाडीच्या डिकीत पंधरा इंची वूफर बसवायची मला खाजही होती. तोवर आमच्या भागात कुणी तसलं काही केलं नव्हतं. मी म्हटलं, "बघू या काका. होईल."

दोन दिवस खपलो. स्टेपनी बाहेर काढून टाकली. बॉक्स बाहेर बनवला तर डिकीच्या तोंडातून आत जाईना, म्हणून फळ्या कापून आत नेल्या आणि मी डिकीत अर्धा वाकून तिथेच ठोकल्या. आत काथ्या भरला. आवाज आत यावा म्हणून मागच्या काचेखालच्या फळीला भोकं पाडली. वूफरचं तोंड डिकीच्या झाकणाकडे, त्याच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीला आठ स्क्रू. माझी एक सवय होती, स्क्रू बसले की प्रत्येकाच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. नंतर कुणी हात घातला असेल तर ठिपका फुटतो आणि गिऱ्हाईकाला 'आम्ही काही केलं नाही' म्हणता येत नाही.

शेवटी टॉर्चचा सेल वूफरच्या तारांना टेकवून बघितला. आम्ही सगळे हीच टेस्ट करायचो. सेल टेकला की कोन पुढे येतो आणि धप् असा एकच ठोका वाजतो. काका दचकले. "ह्योच... असोच," म्हणाले आणि लगेच मागच्या सीटवर जाऊन बसले, लहान मुलासारखे.

मी कॅसेट लावली. व्हायचं तेच झालं. टाळांची खडखड वाढली, टेपची घरघर वाढली, अँप्लिफायरची गुणगुण डिकीत घुमायला लागली. डावा हात नव्हता. काका सीटवर तळवा टेकून पूर्ण बाजू ऐकत बसले. मग म्हणाले, "बरा आसा. येतलो हळूहळू."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती गुणगुण त्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी जाळीला हात न लावता, बॉक्सच्या बाहेरूनच वूफरला जाणाऱ्या दोन्ही तारा काढल्या, टोकांना टेप गुंडाळला, अँप्लिफायर बंद केला. नुसते दरवाज्यातले स्पीकर चालू ठेवले. "थोडं काम बाकी आहे. शनिवारी या," म्हणून त्यांना पाठवलं. तो बुधवार होता. शनिवारी खरं सांगून टाकायचं आणि सगळं काढून घ्यायचं, असं मी ठरवलं. खोटं बोलायचं आणि वर ते स्क्रू पिळून पक्कं करायचं, हे मला नवीन होतं.

शनिवारी दुपारी काका आले. गाडीतून उतरलेच नाहीत. खिडकीतून हात बाहेर काढून मला बोलावलं. चेहरा वेगळाच दिसत होता.

"मिलिंदा, ये बस. ऐकाक येता."

"काय ऐकू येतं?"

"डावो हात. गुरवारपासून. काय केलंस रे तू?"

मी काही केलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा कामातून गेला आणि ते माझ्यामुळे. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी आरेच्या रस्त्याला एका झाडाखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं. उन्हाची दुपार, रस्त्यावर गवताचे भारे नेणाऱ्या बायका, सगळं लख्ख. त्यांनी कॅसेट लावली.

टाळ. बुवा. उजव्या हाताची टकटक.

आणि मग पाठीमागून तो आला. आधी कानाला नाही, पाठीला. सीटच्या स्प्रिंगांतून वर आला आणि बरगड्यांत बसला. मी आवाजातला माणूस आहे. घरघर कशी असते, गुणगुण कशी असते, गाडीचा पत्रा कसा वाजतो हे मला झोपेतही कळतं. ते यातलं काही नव्हतं. तो माणसाचा तळवा होता. पडायचा, मग मनगट रेटून आवाज ओढायचा, घुमारा चढायचा आणि पुढच्या ठोक्याला बुवांच्या आवाजाखाली बरोब्बर जाऊन बसायचा. मध्ये एका ठिकाणी तो लयीत किंचित मागे राहिला, मग हसल्यासारखा दोन ठोके पटकन टाकून पुढे आला. काका म्हणाले, "हंय तो नेहमीच चुकता."

मी दार उघडून मागे धावलो. "डिकीची किल्ली द्या." काकांनी दिली. झाकण उघडलं. दोन्ही तारा मी सोडल्या होत्या तशाच, टोकांना माझा काळा टेप. अँप्लिफायर बंद, हात लावला तर गार. आठही स्क्रूंवरचे लाल ठिपके शाबूत. आणि जाळीच्या मागे वूफरचा कोन आत-बाहेर होत होता.

कोनाच्या मधोमध काहीतरी पांढरट चिकटलेलं होतं. गोल, तळव्याएवढं, ओलं. मला वाटलं, लुकण, फटी बुजवायला लावतात तो चिकट लगदा. पण मी लुकण वापरलंच नव्हतं. जाळीतून करंगळी घालून बघितली. भिजवलेलं गव्हाचं पीठ होतं.

मी खरंच रागावलो. भीती वाटली की मला आधी राग येतो. "काका, ही कणीक कोणी लावली इथे? कोन भिजून फाटेल ना."

काका मागे आले. बघितलं. कॅसेट वाजत होती, कोन हलत होता. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आमच्या घरात कधी पखवाज आलाच नव्हता ना. पखवाजाच्या डाव्या पानाला, म्हणजे त्या बाजूच्या कातड्याला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. ती असते म्हणून तो घुमतो. ती नसेल तर डावा हात बोलत नाही.

तेवढं सांगून त्यांनी गाडी काढली आणि घरी नेली. स्टुडिओच्या अलीकडे त्यांची बैठी चाळ होती. खिडकीपाशी गाडी उभी करून त्यांनी हाक मारली, "अगो, जरा भायर ये."

काकी आली. बारीक, ताठ बाई. मला बघून पदर सारखा केला. काकांनी तिला काही सांगितलं नाही, फक्त डिकी उघडली. कॅसेट बंद होती, कोन थांबलेला होता, कणीक होती. तिने जाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"ही माझी," ती म्हणाली. "मी तीन बोटां दाबतंय. ही बघ माझी बोटां."

खरंच तीन खळगे होते. नीट ऐकून घ्या, कारण मी स्वतः तिला चारदा विचारलं. संजूचं भजन गुरुवारी असायचं. चपात्यांची कणीक मळली की काकी त्यातला एक गोळा पखवाजासाठी काढून ठेवायची. मुलगा गेला, पखवाज गेला, तरी दर गुरुवारी तिचा हात आपोआप एक गोळा बाजूला काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तो चिमण्यांना घालायची. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी दुपारी काढून ठेवलेला गोळा थोड्या वेळाने ताटलीत नव्हता. तिला वाटलं, उंदराने नेला.

"वाजता?" तिने विचारलं.

काकांनी मान हलवली.

ज्या बाईने दीड वर्ष ती कॅसेट घरात लावू दिली नव्हती, ती मागचं दार उघडून आत बसली. काका पुढे. मी बाहेर, दाराला धरून. कॅसेट सुरू झाली आणि तो वाजायला लागला. काकी रडली नाही. मांडीवर तळवा आपटत ठेका देत राहिली. शेवटच्या गजरात लय चढली, डावा हात जड पडायला लागला, तेव्हा तिचा हात थांबला. "दमलो," म्हणाली. "दमलो की असोच वाजयता. कोपर खाली येता तेचा." बाजू संपली. बटण टक् करून वर आलं.

ती उतरली, मागे गेली. मला म्हणाली, "बाबा, ही जाळी काढ."

मी आठही ठिपके फोडले, स्क्रू काढले. तिने वाकून नखांनी ती कणीक कडेपासून सोडवली, कागद कुठे ओरखडणार नाही अशी, सगळी काढली. गोळा केला आणि पदराच्या टोकात बांधला.

"अगो, कित्याक काढलंस?" काका जवळजवळ ओरडले.

"वाजवन झाला की कणीक काढूक व्हयी. नायतर पान खराब होता. हजारदा सांगितलंय तेका, कधी काढी नाय. मियाच काढी."

"आता तो..." काका म्हणाले.

काकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आणि किती येळ वाजयतलो तो? दमलो ना."

काकांनी कॅसेट उलटी करून परत लावली. मागे घेऊन परत लावली. टाळ, बुवा, उजव्या हाताची टकटक... बस्स. मी तारा जोडून बघितल्या, अँप्लिफायर पूर्ण खोलला. गुणगुण आली, दुसरं काही नाही. काकी घरात गेली होती. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि काकांनी मला सांगितलं की मुलगा गेल्यापासून ती आज पहिल्यांदा रडत होती.

पंधरा दिवसांनी काका ते सगळं काढून घ्यायला आले. मी फळ्या उचकटत होतो आणि ते शेजारी स्टेपनीवर बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "काका, मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या कॅसेटवर डावा हात नव्हताच. मला पहिल्या दिवशी माहीत होतं."

"माका पण म्हायत होता," काका म्हणाले. "तुझ्या तोंडार लिवलेला होता."

"मग बसवू का दिलंत?"

ते हातातला स्क्रू फिरवत होते. "आठ दिवसांत गेलो रे. औषधाक नाय, कशाक नाय, तेच्यासाठी माका कायच करूक गावला नाय. कायतरी करूचा होता."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली, काकीही गेली. गुरुवारचा गोळा तिने त्यानंतर काढला नाही, असं काकांनी एकदा सांगितलं होतं. तो वूफर मी पुन्हा कुणाला विकला नाही. त्याचा कोन माझ्या माळ्यावर आहे आणि त्याच्या मधोमध पिठाचा फिकट गोल डाग आहे, तीन ठिकाणी किंचित गडद. कॅसेटही काकांनी मलाच दिली. राहुलने परवा ती कॉम्प्युटरवर घालून बघितली. खालच्या पट्टीत काहीच नाही म्हणाला, सपाट रेघ.

मी कारणं शोधली नाहीत असं समजू नका. उंदीर, काकांचं डोकं, माझं डोकं, गॅरेजवाल्यांची मस्करी... प्रत्येक ठिकाणी ते आठ लाल ठिपके आडवे येतात. त्या दिवशी सगळं ऐकून राहुल मला म्हणाला, "मामा, मी आत्ता माझ्या वूफरची तार काढली तर तो वाजेल का?" मी म्हटलं, नाही वाजणार. तारेशिवाय वाजूच शकत नाही. त्याने डिकी बंद केली. आणि मी वर येऊन बायकोला विचारलं, आज कणीक मळलीयस का, असेल तर एक गोळा बाजूला काढून ठेव.